चिलखताचा हिशेब: विज्ञानकथेतल्या योद्ध्याने नेमके काय घालावे?

विज्ञानकथेतल्या योद्ध्याचे चित्र काढणाऱ्या नव्या चित्रकाराची गाडी बहुधा ठरलेल्या वाटेनेच जाते. खांद्यांवर दोन प्रचंड उंचवटे येतात, छातीवर पत्र्यावर पत्रा चढतो, मांड्यांना पट्टे, पट्ट्यांना पाकिटे आणि पाकिटांना बकले लागतात. एवढे करूनही चित्र पुरेसे खरे वाटत नाही, म्हणून शेवटी फटीफटीतून निळा उजेड पाझरू लागतो. त्या चित्राला कथा जोडणारा लेखकही मागे राहत नाही. तो त्या चिलखताला आपोआप सांधला जाणारा धातू, चुंबकीय क्षेत्र आणि कृत्रिम स्नायू बहाल करतो आणि वर दोन पानांचे स्पष्टीकरण जोडतो. वाचकाला पटावे, हाच दोघांचाही हेतू असतो. परंतु चिलखत पटणे हे तपशिलांच्या संख्येवर ठरत नाही. ते कोणत्या माऱ्यासाठी केले आहे आणि तेवढे संरक्षण देताना ते घालणाऱ्याकडून काय काय हिरावून घेते, हे दिसले तर एक साधा पत्राही पटतो, आणि ते दिसले नाही तर शंभर बकलेही कमीच पडतात.

या लेखात मुख्यतः त्या हिरावून घेण्याचा हिशेब मांडायचा आहे. हिशेब हवेत होत नाही, म्हणून एक काल्पनिक पात्र घेऊ. साल २१५०, महिना मे, वेळ दुपारची, आणि भुसावळजवळ तापीवरच्या रेल्वेपुलावर एक तरुण स्त्री पहाऱ्यावर आहे. समोरच्याकडे रायफल आहे. चिलखताची कठोर परीक्षा घ्यायला परग्रहच हवा असे काही नाही. खान्देशातला मे महिना त्या कामाला पुरेसा आहे. गोळीसाठीही दूर जायला नको, कारण तिथून जवळच असलेल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६४ पासून बंदुकीची काडतुसे तयार होत आली आहेत.

पहिला प्रश्न वजनाचा. प्रौढ माणसाच्या शरीराचे पृष्ठफळ साधारण १.८ चौरस मीटर भरते, आणि पोलादाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट आहे. म्हणजे आपल्या पहारेकरणीला नखशिखांत केवळ एक मिलिमीटर जाडीच्या पोलादात मढवायचे म्हटले, तरी १४ किलो वजन झाले. एक मिलिमीटर पत्र्याने तलवारीचा वार अडेल, रायफलची गोळी अडणार नाही. त्यासाठी खास कडक केलेला, सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो. तो संपूर्ण अंगावर चढवला तर वजन ८५ किलोच्या आसपास जाते, आणि त्यात अजून अस्तर, पट्टे, बिजागऱ्या काहीही धरलेले नाही. चित्रातला योद्धा तर बोटाएवढ्या जाडीचे पत्रे घालून छपरांवरून उड्या मारत असतो.

आता हाच ६ मिलिमीटरचा पत्रा २५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच एवढाच कापून छातीवर बसवला, तर वजन साडेतीन किलो होते. हृदय, फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्या आड येतात, उरलेले शरीर उघडे राहते. जगभरच्या सैन्यांनी हाच सौदा पत्करला आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०१८ साली गोळीरोधक जाकिटांसाठी प्रमाणक ठरवले, त्यातही कोणत्या प्रकारची गोळी अडवायची यानुसार पायऱ्या केलेल्या आहेत. कोणतीही गोळी अडवणारे जाकीट असा प्रकारच त्यात नाही. संरक्षण संशोधन संस्था आणि दिल्लीची आयआयटी यांनी मिळून केलेली, २०२४ साली जाहीर झालेली ‘अभेद’ नावाची जाकिटे निरनिराळ्या पायऱ्यांनुसार किमान ८.२ आणि ९.५ किलोंची आहेत, आणि तीही मुख्यतः धडापुरतीच आहेत. विज्ञानकथेच्या लेखकाने कागदावर सर्वांत आधी लिहून ठेवण्याची गोष्ट हीच आहे: चिलखत कशाला अडवते आणि कशाला अडवत नाही. जे सर्व काही अडवते त्या चिलखतात कथा शिल्लक राहत नाही, ही तक्रार वेगळी. त्यात आधी विज्ञानही शिल्लक राहत नाही.

जुन्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि खान्देशचे फारुकी राज्य संपले. त्या काळात आणि त्यानंतरही मुघल व दख्खनी घोडेस्वारांत कड्यांच्या चिलखतावर ‘चार आईना’ घालण्याची पद्धत होती. त्यात छातीला एक, पाठीला एक आणि दोन्ही बगलांखाली एकेक असे चारच पत्रे असतात आणि ते पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. दंड, कोपर आणि मान कड्यांच्या जाळीवर सोपवून दिलेली असते. युरोपातले मध्ययुगीन पोलादी चिलखत अंगभर असे, परंतु त्याचेही लढाईतले वजन साधारण १५ ते २५ किलो आणि पत्र्याची जाडी जागेनुसार एक ते तीन मिलिमीटर असे. समोरून जाड, मागून पातळ. तेवढे वजनही सुखाचे नव्हते. तशा चिलखताच्या प्रतिकृती घालून माणसांना चालवून पाहणारे लीड्स विद्यापीठातले संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा चालण्याचा ऊर्जाखर्च दुपटीहून अधिक भरला. तेवढेच ओझे पाठीवर घेतले असते तर खर्च कमी झाला असता, कारण पोटऱ्या आणि पावलांवरचे वजन प्रत्येक पावलागणिक उचलून पुढे फेकावे लागते. चित्रात पायांना अवजड बूट आणि हातांना जाड पंजे देण्याआधी हे ध्यानात घ्यावे. वजन द्यायचेच असेल तर ते कमरेजवळ द्यावे, टोकांना देऊ नये.

‘पण भविष्यात हलके पदार्थ निघतील की,’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते चूक नाही. निघतील, निघालेही आहेत. परंतु आजचे पदार्थ गोळी कशी थांबवतात हे एकदा नीट पाहिले, तर उद्याच्या पदार्थाबद्दल लिहितानाही हात बेताने चालतो. आधुनिक छातीच्या फळीत पुढे सिरॅमिक, म्हणजे चिनी मातीसारखा कठीण पण ठिसूळ पदार्थ, असते: ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड. बोरॉन कार्बाइडची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे आणि कठीणपणात तो हिऱ्याच्या पंगतीत, थोडा खाली बसतो. गोळी आदळताच तिचे टोक बोथट होते किंवा फुटते. त्याच क्षणी सिरॅमिकही फुटते, मात्र तडे शंकूच्या आकारात मागे पसरत जातात आणि टिकलीएवढ्या जागेवरचा भार मागच्या बाजूला बशीएवढ्या जागेवर वाटला जातो. मागे धाग्यांचा थर असतो. त्या थराचे काम गोळीचे आणि सिरॅमिकचे तुकडे झेलण्याचे, धागे ताणले जात उरलेली ऊर्जा पिऊन टाकण्याचे. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत शोधलेला केवलार हा अशा धाग्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. आता पुष्कळ ठिकाणी अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनचे धागे वापरतात. जळगावकडच्या केळीच्या बागांतून ठिबकच्या ज्या नळ्या अंथरलेल्या असतात, त्याही पॉलिएथिलीनच्याच. कूळ एकच, मात्र चिलखताच्या धाग्यात रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब आणि एकाच दिशेने ताणून बसवलेल्या असतात. हा धागा पाण्यावर तरंगतो इतका हलका आहे.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही चित्रात क्वचितच दिसतात. एक म्हणजे चांगले चिलखत फुटून वाचवते. गोळी बसलेल्या जागी सिरॅमिक भुगा झालेले असते. त्याच जागी दुसरी गोळी आली तर संरक्षण बरेच घटते, म्हणून फळी बदलावी लागते. लढाईनंतर ज्याच्या छातीवर नुसता खरचटल्यासारखा ओरखडा आहे त्या योद्ध्यापेक्षा, तडकलेली फळी जाकिटाच्या खिशातून काढून नवी सरकवणारा योद्धा अधिक खरा वाटतो, आणि त्यासाठी एका ओळीचेही स्पष्टीकरण लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक पदार्थाला त्याचे वैरी असतात. पॉलिएथिलीनचा धागा १४५ ते १५० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बराच आधी कमजोर होऊ लागतो. केवलारला सततचे कडक ऊन सोसत नाही. झायलॉन नावाचा धागा ताकदीत केवलारच्याही पुढचा म्हणून पोलिसांच्या जाकिटांत आला, परंतु उष्णता आणि दमटपणा यांनी तो अपेक्षेपेक्षा लवकर झिजतो असे आढळल्यावर अमेरिकेच्या न्याय विभागाच्या संस्थेने २००५ साली त्याच्या जाकिटांची मान्यता काढून घेतली. आपल्या २१५० मधल्या धाग्यालाही असा एखादा वैरी द्यावा. घाम, धूळ, मीठ, काहीही चालेल. वैरी असला की कथेत काहीतरी घडू शकते.

समजा, पोलादाच्या दहापट सरस पदार्थ खरोखर सापडला आणि ८५ किलोंचे काम साडेआठ किलोंत झाले. तरी गोळीचा धक्का कुठे जाईल? चित्रपटांत गोळी लागलेला माणूस दोन मीटर मागे उडतो, ते खोटे आहे. आठ ग्रॅमची, सेकंदाला ७१५ मीटर वेगाची रायफलची गोळी घेतली, तर तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ५.७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकला तर त्याचा संवेग ६.२ येतो, म्हणजे थोडा जास्तच. चेंडू पोटाला लागल्याने कुणी उडून यष्ट्यांवर पडत नाही. फरक ऊर्जेत आहे. चेंडूची गतिज ऊर्जा सुमारे १२० ज्यूल, तर गोळीची २,००० ज्यूलच्या वर, आणि तीही एवढ्याशा टोकावर. म्हणून उघड्या अंगात गोळी घुसते, चेंडू घुसत नाही. शिवाय गोळीने जेवढा संवेग समोरच्याला दिला, जवळपास तेवढाच झाडणाऱ्याच्या खांद्याने आधी सोसलेला असतो. लागलेला उडायचा असेल तर झाडणाराही उडाला पाहिजे.

चिलखताचे काम ही ऊर्जा गिळण्याचे, आणि गिळताना ते आतल्या बाजूला फुगते. अमेरिकी चाचणीत जाकिटामागे मातीसारखा लगदा ठेवतात आणि त्यात ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला तर जाकीट नापास होते. ४४ मिलिमीटर म्हणजे जवळपास साडेचार सेंटिमीटर. तेवढा धक्का बरगड्या मोडायला पुरेसा आहे आणि तो ‘पास’ झालेल्या जाकिटातला आहे. यावरून त्वचेला घट्ट चिकटलेल्या, कागदासारख्या पातळ भविष्यकालीन पोशाखाचे काय होईल, ते समजते. पोशाख फाटणार नाही आणि गोळी पोशाखासकट छातीत जाईल. कवच आणि शरीर यांच्यात अंतर हवे, अंतरात गादी हवी, आणि म्हणून खरे चिलखत घातलेला माणूस थोडा जाडजूडच दिसायला हवा. पहारेकरी स्त्री आहे म्हणून छातीच्या पत्र्याला दोन घुमट देण्याची चित्रकारांची सवय इथेच मोडीत निघते. दोन घुमटांमधली घळ येणारा मारा घसरवून थेट उरोस्थीवर आणते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या पँथर रणगाड्यावर हाच घोटाळा झाला होता: तोफेच्या मुळाशी असलेल्या गोलाकार ढालीच्या खालच्या भागावर आपटलेले गोळे खाली वळून रणगाड्याच्या पातळ छतात शिरत, म्हणून १९४४ मध्ये ढालीला खालून हनुवटीसारखी कड जोडावी लागली. गादीसाठी जे अंतर सोडायचे त्यात शरीराचा आकार सहज मावतो. बाहेरून पत्रा मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असला की झाले.

आता उष्णतेकडे येऊ. माझ्या मते विज्ञानकथेतली नव्वद टक्के चिलखते इथेच गारद व्हावीत. ओझे घेऊन भराभर चालणारे शरीर सुमारे ४०० वॉट उष्णता तयार करते. भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना हवा त्वचेपेक्षा दहा अंशांनी तापलेली असते. अशा वेळी वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. बाहेर पडायला एकच दार उरते, घाम वाळण्याचे, आणि खान्देशची कोरडी हवा ते काम उत्तम करते. ते दार हवाबंद चिलखताने बंद केले की सत्तर किलोंच्या शरीराचे तापमान दर वीस मिनिटांना सुमारे दोन अंशांनी चढेल. म्हणजे ३७ वरून निघालेली आपली पहारेकरीण अर्ध्या तासात ४० वर, उष्माघाताच्या उंबरठ्यावर. शत्रूला गोळी झाडण्याचीही गरज नाही, त्याने सावलीत बसून राहावे. यात काळ्या रंगाच्या चिलखतावर पडणारे ऊन धरलेलेच नाही. पडद्यावरचा योद्धा काळ्यात रुबाबदार दिसतो हे मान्य, पण आमच्याकडे मे महिन्यात शेतात जाणारा माणूस डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळतो, त्याला काही कारण आहे.

ही अडचण अंतराळवीरांनी प्रत्यक्ष सोसलेली आहे. जून १९६६ मध्ये जेमिनी ९-ए मोहिमेत यूजीन सर्नन यानाबाहेर आले, तेव्हा त्यांच्या पोशाखात थंडावा केवळ हवा खेळवून दिला जात होता. श्रम वाढले, तेवढी उष्णता हवेला नेता येईना, शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरली आणि दोन तासांहून थोड्या अधिक वेळानंतर ठरलेले काम अर्धवट सोडून त्यांना आत परतावे लागले. त्यानंतर चंद्रावर गेलेल्यांच्या पोशाखात त्वचेलगत बारीक नळ्यांचे जाळे शिवलेले सदरे आले, ज्यांतून गार पाणी फिरत राहते. आजच्या अंतराळस्थानकावरच्या पोशाखात अशी नळी सुमारे ९० मीटर लांबीची असते. पण पाणी फिरवले म्हणजे उष्णता नाहीशी होत नाही, ती कुठेतरी टाकावी लागते. निर्वातात ती बर्फाची थेट वाफ करून टाकता येते. पुलावरच्या पहारेकरणीने त्यासाठी बर्फ पाठीवर न्यायचा म्हटला, तर ४०० वॉटसाठी तासाला सव्वाचार किलोंहून अधिक बर्फ वितळेल. आठ तासांच्या पाळीला चौतीस किलो. त्यापेक्षा पहाऱ्याच्या चौकीत शीतयंत्र ठेवावे, तिच्या सदऱ्याला त्याची नळी जोडावी आणि नळी काढून ती जास्तीत जास्त किती वेळ दूर जाऊ शकते हे ठरवून टाकावे. लेखकाला याहून चांगली भेट मिळणार नाही. पुलाच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी हलले, तिथवर जाऊन यायला पंचवीस मिनिटे लागतात, आणि नळीशिवाय तिच्याजवळ वीसच आहेत.

सांध्यांचा विषय तितकाच जुना आहे. कोपर वाकवले की आतल्या बाजूचे अंतर घटते आणि बाहेरच्या बाजूचे वाढते. टणक पत्र्याला हे करता येत नाही. मध्ययुगीन कारागिरांनी एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या, चामड्याची आतली जोडणी आणि काखेत कड्यांची जाळी असा मार्ग काढला होता. हवेच्या दाबाने फुगलेल्या पोशाखात तर नुसते बोट मिटणेही कष्टाचे असते, कारण सांधा वाकताना आतली जागा आक्रसते आणि हवा तिला पुन्हा सरळ करू पाहते. १८ मार्च १९६५ रोजी पहिल्यांदा अंतराळात चाललेले अलेक्सी लिओनोव्ह परतताना पोशाख फुगून ताठ झाल्यामुळे दारातून आत शिरू शकत नव्हते; शेवटी त्यांनी झडप उघडून दाब कमी केला आणि कसेबसे आत आले. म्हणून चिलखताचे चित्र तपासण्याची एक सोपी रीत आहे. चित्रातल्या योद्ध्याला मनातल्या मनात उकिडवे बसवावे, मग दोन्ही हात डोक्यावर न्यायला लावावेत, मग रायफलचा दस्ता खांद्याला टेकवून नेम धरायला सांगावे. खांद्यावरचे ते प्रचंड उंचवटे बहुधा दुसऱ्या कवायतीत कानाला लागतात आणि तिसरीत रायफल टेकू देत नाहीत.

यांतल्या बऱ्याच अडचणींवर ‘यंत्रशक्तीचे चिलखत’ हा उतारा सांगितला जातो: वजन मोटारी उचलतील. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९६० च्या दशकात ‘हार्डिमन’ नावाचा सांगाडा बांधायला घेतला. ६८० किलो उचलण्याचे उद्दिष्ट होते आणि सांगाड्याचे स्वतःचे वजनही जवळपास तेवढेच झाले. सर्व सांधे एकदम चालू केले की तो बेफाम झटके देई, म्हणून शेवटी एका हातापुरतेच काम झाले आणि प्रकल्प थांबला. अमेरिकेच्या विशेष दलांनी २०१३ मध्ये ‘टॅलोस’ या नावाने पुन्हा तसा पोशाख जाहीर केला. २०१९ मध्ये तोही लढाऊ पोशाख न बनताच आवरला. ऊर्जेचा हिशेब सोपा आहे. सरासरी एक किलोवॉट खाणारा पोशाख आठ तास चालवायचा तर आजच्या चांगल्या लिथियम सेलांचे ३२ किलो वजन फक्त विजेसाठी. पेट्रोलचे इंजिन बसवले तर इंधन तीनेक किलो पुरेल, पण मग पाठीवर धडधड, धूर आणि आणखी उष्णता, आणि उष्णतेचे काय होते ते आपण आत्ताच पाहिले. पुढच्या शतकात सेल पाचपट सुधारले असे खुशाल मानावे. मोटारींनी वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णताच होते, तेवढे मात्र बदलत नाही.

शिवाय जमीन आहे. ३०० किलोंचा पोशाख आणि ७० किलोंची पहारेकरीण मिळून ३७० किलो, आणि चालताना हे सारे एका बुटावर येते. बूट ३० बाय १२ सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून थोडा अधिक दाब पडतो. एकेचाळीस टनांहून जड असलेला टी-७२ रणगाडा रुंद पट्ट्यांमुळे याहून कमी, साधारण ०.९ किलो, दाब टाकतो. मे महिन्यात हे चालून जाईल. जुलैत पाऊस झाल्यावर यावल-रावेरच्या काळ्या मातीत उतरलेला हा योद्धा पहिल्या दहा पावलांत घोट्यापर्यंत रुतेल, आणि प्रत्येक बुटाला चिकटलेला चिखल त्याच्या मोटारींना वेगळा उचलावा लागेल. उन्हाळ्यात धुळीची कटकट असते. चंद्रावरच्या टोकदार धुळीने अपोलोच्या पोशाखांचे बाहेरचे कापड तीन दिवसांत झिजवले आणि जोड आवळून टाकले होते; तापीकाठची धूळ तेवढी तीक्ष्ण नाही, पण बेअरिंगला ती पुरे होते. चित्रात ओढलेली प्रत्येक शोभेची रेघ ही प्रत्यक्षात एक फट असते, आणि फटीत धूळ, पाणी व गोळीचे तुकडे शिरतात. एवढे मनात ठेवले तरी रेघा आपोआप कमी होतात.

याचा अर्थ नक्षी करूच नये असा नाही. सोळाव्या शतकात मिलानच्या नेग्रोली घराण्याने पोलाद ठोकून त्यावर सिंहमुखे आणि वेलबुट्ट्या उठवलेली अप्रतिम चिलखते घडवली. त्या उठावांवर तलवारीचे किंवा भाल्याचे टोक घसरण्याऐवजी अडकले असते, पण ती मिरवणुकीसाठीच होती आणि सर्वांना ते ठाऊक होते. आपल्या पहारेकरणीच्या सेनापतीला काळे, काटेरी, निळ्या दिव्यांचे चिलखत खुशाल द्यावे, फक्त ते पुलावर न घालता संचलनात घालू द्यावे. एकाच कथेत ही दोन चिलखते शेजारी आली की त्या समाजाबद्दल बरेच काही न सांगता कळते. रात्री पुलावर उभ्या असलेल्या पहारेकरणीच्या शिरस्त्राणावर चमकणारा दिवा मात्र कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. तो नेमबाजाला दिलेला पत्ता आहे.

लेखकांच्या बाजूची गुंतागुंत वेगळ्या जातीची असते. वरचे सारे हिशेब कळले की ते कथेत घालण्याचा मोह होतो, आणि मग पहारेकरीण शत्रू पाहताच सिरॅमिकच्या जातींविषयी मनात व्याख्यान देऊ लागते. ज्याने रोज जाकीट घातले आहे तो त्याच्या घनतेचा विचार करत नाही. पट्टा कुठे काचतो, पाठीवर घाम कुठे साचतो आणि फळी बदलायला कोठारात रांग किती आहे, याचा करतो. एखादी अशक्य गोष्ट वाचक विनातक्रार मान्य करतो. दहापट सरस धागा असो किंवा खिशात मावणारे शीतयंत्र असो, ती एकदा सांगून टाकावी आणि मग तिचे परिणाम इमानाने पाळावेत. पहिल्या अशक्य गोष्टीतली अडचण सोडवायला दुसरी, आणि दुसरीतली सोडवायला तिसरी आणली की वाचक मोजदाद सोडून देतो. आणि हा धागा आपल्याला मिळाला असेल तर पलीकडच्यालाही काहीतरी मिळालेच असणार, हे विसरू नये. चिलखते सुधारत गेली तसे शिशाच्या जागी कडक पोलादाचे आणि टंगस्टन कार्बाइडचे गाभेही गोळ्यांत आले.

एक बारीक तपशील जवळजवळ सगळ्याच चित्रांत राहून जातो: चिलखत काढायचे कसे, आणि घालणाऱ्याची शुद्ध हरपली असेल तर ते कुणी काढायचे. अमेरिकी सैन्याने २००७ च्या सुमारास आणलेल्या जाकिटात एक दोरी असते. ती ओढली की पुढचे-मागचे भाग सुटून जाकीट अंगावरून गळून पडते. जळत्या गाडीतून बाहेर पडताना, पाण्यात पडल्यावर किंवा जखमेवर पट्टी बांधणाऱ्याला छाती उघडी करून देताना तिचा उपयोग होतो. आपल्या पहारेकरणीच्या खाली तापीचे पात्र आहे, म्हणून तिलाही ती हवी. दोरीचे टोक तिला स्वतःला उजव्या किंवा डाव्या कोणत्याही एका हाताने सापडले पाहिजे, शेजारच्या शिपायाला अंधारात चाचपून सापडले पाहिजे, आणि झटापटीत शत्रूच्या हाताला सहज लागता कामा नये. या तिन्ही अटी पुऱ्या करणारी जागा अंगावर कुठे आहे, हे चित्रकाराने पेन्सिल उचलण्याआधी स्वतःच्या सदऱ्यावर हात फिरवून पाहावे.